खानदेशच्या पाण्यासाठी आमदारांनी सभागृहात नेमकं काय मागावं?

तापीकाठ (धागाकर्ता)

आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींची पाण्यावरची भाषणं वाचली तर बहुतेकांची मागणी एकाच साच्यातली दिसते: अमुक प्रकल्प रखडला आहे, निधी द्या. जमिनीखाली पाणी कसं वागतं याचा विचार करून भूमिका घेणारे दोघे मात्र उठून दिसतात. एक दिवंगत हरिभाऊ जावळे, यावल-रावेरचे आमदार आणि खासदार राहिलेले. दुसरे शिरपूरचे अमरीशभाई पटेल.

हरिभाऊंनी मेगा रिचार्जचा पाठपुरावा शेवटपर्यंत सोडला नाही. तापीच्या पुराचं पाणी हतनूर धरणावरून वाहून पुढे गुजरातच्या उकाई धरणात जातं. ते वरच्या बाजूलाच वळवायचं, सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यातून न्यायचं आणि बझाडा पट्ट्यात मुरवायचं, अशी ही कल्पना. सातपुडा जिथे संपतो तिथे मोठा भ्रंश (खडक खचून पडलेली खोल भेग) आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी त्या पायथ्याशी गोटे, खडी आणि जाड वाळू आणून टाकली, तोच बझाडा. इथे पाणी झपाट्याने खाली जातं आणि दक्षिणेला तापीकडे सरकत गाळाच्या थरांखाली पसरतं. रावेर-यावलच्या केळीबागांच्या ट्यूबवेल याच थरांतून पाणी ओढतात आणि हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिशोषित वर्गात गेलेले आहेत.

हरिभाऊ २०२० मध्ये गेले. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाचा या योजनेवर करार झाला. एकूण पाणी ३१.१३ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात मध्य प्रदेशाचं ११.७६ आणि आपलं १९.३६. खारिया गुटीघाट इथे ८.३१ टीएमसीचा वळण बंधारा होणार. उजवा कालवा २२१ किलोमीटरचा, त्यातले ११० किलोमीटर मध्य प्रदेशाच्या हद्दीत. खर्च १९,२४४ कोटी.

अमरीशभाईंचा रस्ता वेगळा. २००४ पासून त्यांनी भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली शिरपूर तालुक्यातले नाले रुंद आणि खोल केले आणि त्यांवर बिनदाराचे सिमेंट बंधारे बांधले. कुठलंही मोठं धरण नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खानदेशात पाणी अडवण्याची बांधकामं बरीच झाली आहेत. अडवलेलं पाणी वावरापर्यंत पोहोचवायचं आणि ती व्यवस्था पंचवीस-तीस वर्षं चालू ठेवायची, यासाठी सभागृहात कुणी भांडताना दिसत नाही. दोन्ही भूमिकांमधलं काय टिकतं आणि काय अपुरं पडतं, जाणकारांनी लिहावं. पक्षाचं राजकारण कृपया बाजूला ठेवा.

भूजलरेषा

तापीकाठदादा, मेगा रिचार्जचं भूशास्त्र पक्कं आहे. बझाड्यासारखी मुरण्याची जागा महाराष्ट्रात इतरत्र फारशी नाही, कारण बाकी बहुतेक राज्य बेसॉल्टच्या कठीण खडकावर बसलेलं आहे. अडचण पाण्याच्या वेळेची आणि गाळाची आहे.

आपला वाटा १९.३६ टीएमसी, म्हणजे सुमारे ५४८ दशलक्ष घनमीटर. हे पुराचं पाणी, वर्षभर मिळणारं नाही. ते ६० दिवसांत वळवायचं ठरवलं तर कालव्यांतून दिवसरात्र एकूण १०६ क्युमेक्स (सेकंदाला घनमीटर), म्हणजे जवळपास ३,७०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) वाहायला हवेत. आता गाळ बघा. समजा एका लिटरमागे फक्त १ ग्रॅम गाळ आहे, आणि पुराच्या पाण्यात तो याहून जास्तच असतो. तरी ५४८ दशलक्ष घनमीटरमागे ५ लाख ४८ हजार टन गाळ होतो. हा गाळ बझाड्याच्या खडीत शिरला तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच वरची छिद्रं बुजतात. मुरण्याचा वेग एकदा कमी झाला की खालची खडी कितीही चांगली असून उपयोग नाही.

उपाय दोन. पहिला, मुरवण्याआधी पाणी थांबवायला स्थिरीकरण तलाव. त्यात जाड वाळू तासाभरात बसते, पण काळ्या मातीची बारीक चिकण दिवसेंदिवस तरंगत राहते. दुसरा, पुराचा पहिला गढूळ लोंढा सोडून द्यायचा आणि पाणी निवळल्यावर घ्यायचं. तसं केलं तर हाताशी ६० ऐवजी ४० दिवस उरतात आणि कालव्यांची एकूण क्षमता १०६ वरून सुमारे १५८ क्युमेक्सवर न्यावी लागते. म्हणजे गाळ टाळायचा तर कालवा मोठा करा, आणि कालवा लहान ठेवायचा तर दरवर्षी मुरवणीची जागा खरवडायची तरतूद करा. आमदारांनी विचारायचा पहिला प्रश्न हा: आराखड्यात यांतलं कोणतं धरलं आहे?

मुरवणीच्या खड्ड्यांची रचना साधी असते. तळाला मोठे गोटे, त्यावर खडी, सर्वांत वर जाड वाळू. गाळ वरच्या वाळूतच अडकतो. पावसाळा लागण्याआधी वरचा ५ ते १० सेंटिमीटर थर खरवडून काढायचा, जागा भरून निघेल एवढी स्वच्छ वाळू टाकायची. काम सोपं, पण दरवर्षीचं. ‘एकदा बांधलं, झालं’ अशा हिशेबाने बांधलेले पुनर्भरण शाफ्ट (पाणी मुरवायचे उभे खोल खड्डे) याच कारणाने मरतात.

केळीबाग

आकडे पटले. मागणीच्या बाजूचेही मांडतो. १.५ बाय १.५ मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. उन्हाळ्यात ठिबकवर झाडाला दिवसाला १५ ते २० लिटर पाणी लागतं. वरचा आकडा धरला तर हेक्टरी रोजचे ८८ हजार लिटरच्या आसपास.

पाणीपातळी वर आली की काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे: नवीन लागवड वाढते, नवीन बोअर होतात, आणि वर आलेली पातळी दोन-तीन हंगामांत परत खाली. भूजल अधिनियम २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रात निर्बंध घालण्याची सोय आहे, पण गाडी अडते अंमलबजावणीशी. मुरवलेलं पाणी सगळ्यांच्या पैशाचं आणि उपसा ज्याची मोटर मोठी त्याचा, हे बरोबर नाही. मतं जाण्याची भीती आहे म्हणून आमदार हा विषय काढत नाहीत. पण योजना मंजूर करून घेणाऱ्याने उपशाचा नियमही मागितलाच पाहिजे.

आणखी एक. आपल्या वाट्यातलं सिंचन जळगावबरोबर बुलढाणा, अकोला आणि अमरावतीतही होणार आहे. १९.३६ टीएमसी एकट्या रावेर-यावल-चोपड्याला मिळणार असं कुणी समजू नये. तालुकावार वाटप कागदावर घ्या, आत्ताच.

मेळघाटकडचा

या योजनेचा मोठ्या धरणाचा जुना आराखडा मागे पडला, कारण त्यात व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आणि आदिवासी गावं बुडत होती. कमी उंचीच्या बंधाऱ्याने ते बरंचसं टळतं, पण कालवा पायथ्याच्या जंगलातूनच जाणार. वन्यजीवांना ओलांडायला पूल किती आणि कुठे, हे भूसंपादनाच्या आधी ठरलं पाहिजे. काँक्रीटच्या उभ्या भिंतींच्या कालव्यात पडलेलं जनावर बाहेर येत नाही. ठराविक अंतरावर उताराच्या पायऱ्या ठेवायला फार खर्च लागत नाही.

पाटकरी

शिरपूरबद्दल बरंच अर्धवट लिहिलं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

शिरपूर तालुक्यात दोन वेगळे भूभाग आहेत. तापीकडचा गाळाचा आणि उत्तरेकडचा बेसॉल्टचा. गाळाच्या भागात वर पिवळ्या चिकण मातीचा जाड थर आहे आणि त्यातून पाणी खाली उतरत नाही. त्याखाली वाळू आणि खडीचे थर. म्हणून नाला नुसता साफ करून काही होत नाही, पिवळा थर भेदून वाळूपर्यंत जावं लागतं. तिथे नाले २० ते ३० मीटर रुंद आणि जागा पाहून १० मीटर किंवा त्याहून खोल झाले ते याच कारणाने. बेसॉल्टमध्ये गणित निराळं. मुरूम आणि झिजलेला खडक पाणी धरतो, त्याच्या खालचा अखंड काळा पाषाण धरत नाही. पाषाणात खोदलं तर पाणी साठेल, पण मुरणार नाही.

बंधाऱ्यांना दारं ठेवली नाहीत यामागेही विचार आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या चोरीला जातात, कुजतात, वेळेवर कुणी बसवत नाही. भिंत सलग ठेवायची आणि जास्तीचं पाणी बाजूच्या सांडव्याने काढून द्यायचं. सांडवा अपुरा पडला तर पाणी भिंतीला वळसा घालून काठ कापतं. बंधारा जागेवर उभा आणि नाला दुसरीकडून वाहतो आहे, असं दिसलं की सांडव्याची रुंदी चुकली हे ओळखावं.

तिथे आणखी एक काम झालं ज्याची चर्चा कमी होते. करवंद धरणाच्या कालव्याचं जास्तीचं पाणी पावसाळ्यात कोरड्या विहिरींमध्ये सोडलं गेलं. धरणात थांबून आलेलं पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असतं, त्यामुळे विहिरीचे झरे बुजत नाहीत.

नुकसान झालं ते नकलेत. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर जेसीबी उतरले. भूस्तर न पाहता खोलीकरण झालं. खालच्या अंगाला बंधारा नसेल तर खोल केलेला नाला आजूबाजूच्या विहिरींचं पाणी ओढून घेतो, चर काढल्यासारखं. काढलेली माती काठावरच टाकली तर पहिल्याच वळवाच्या पावसात अर्धी परत आत. ज्या आमदाराला हा प्रयोग आपल्या तालुक्यात हवा आहे त्याने आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून नाल्यागणिक स्तरांची नोंद मागावी आणि मगच अंदाजपत्रक करून घ्यावं.

भूजलरेषा

पाटकरीभाऊ, तुमच्या करवंदच्या उदाहरणाला जोडून सांगतो. रावेर-यावलच्या पायथ्याशी सुकी, अभोरा, मंगरूळ, मोर ही धरणं आधीच आहेत. ती भरली की सांडव्यावरून पाणी खाली जातं, आणि हे पाणी जलाशयात निवळलेलं असतं. सांडव्याखालच्या नदीपात्रांत बझाड्याच्या पट्ट्यापुरते दगडी गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेले) बंधारे घातले, पाणी जुन्या नाल्यांकडे वळवलं, तर मेगा रिचार्जचा लहान प्रयोग १९ हजार कोटींची वाट न पाहता करता येतो. निरीक्षण विहिरींत पातळी किती वाढली याच्या नोंदी मोठ्या आराखड्यालाही उपयोगी पडतील. ही मागणी आमदार निधी आणि जिल्हा नियोजनाच्या आवाक्यातली आहे.

उपसा_योजना

धागाकर्त्याच्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे आहे.

धुळे-नंदुरबारमध्ये तापीवर सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा अशी बॅरेज आहेत. पावसाळ्याच्या शेवटी दरवाजे बंद केले की पात्रात मैलोन्‌मैल पाणी उभं राहतं. दरवाजे लवकर बंद केले तर गाळ बसतो आणि अवेळी पूर आला तर धोका. उशीर केला तर साठा पूर्ण होत नाही. हे वेळापत्रक बऱ्यापैकी पाळलं जातं. पण तापीचं पात्र खोल आहे, काठ उंच आहेत. प्रवाही कालवा निघत नाही. उचलल्याशिवाय एक थेंब वावरात येत नाही. आपल्याकडे म्हणतातच, ‘पानी शे, पन वावरमा नई.’

काठावर २२ सहकारी उपसा सिंचन योजना होत्या. त्या बंद कशा पडल्या हे क्रमाने समजून घेतलं पाहिजे. जॅकवेलमध्ये (नदीकाठची पंपाची विहीर) गाळ भरला आणि पाण्याची पातळी इनटेकच्या, म्हणजे पाणी आत घ्यायच्या तोंडाच्या, खाली गेली. बंद काळात रोहित्रातलं तांबं, केबल, व्हॉल्व्ह चोरीला गेले. चढत्या पाइपलाइनच्या सांध्यांतले रबरी रिंग वाळून गळती सुरू झाली. पाणी पुरेसं मिळेना म्हणून सभासदांनी पट्टी भरणं थांबवलं, वीजबिल थकलं, जोडणी तोडली. संस्थेच्या कर्जाचा बोजा सात-बाऱ्यावर तसाच राहिला, त्यामुळे शेतकऱ्याला दुसरं कर्जही मिळेना. यांतल्या नुसत्या पंपाला निधी देऊन योजना उभी राहत नाही, राहिलेली एक कडीही तिला परत पाडते.

विजेचा हिशेब असा. १ घनमीटर पाणी १ मीटर उचलायला पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ६५ टक्के धरून सुमारे ०.००४२ युनिट लागतं. घर्षणासह एकूण उंची ५० मीटर असेल तर घनमीटरला ०.२१ युनिट. गव्हाच्या एका हेक्टरला हंगामात ४,५०० घनमीटर धरा, म्हणजे सुमारे ९४५ युनिट. आता पाइपलाइन एक चतुर्थांश पाणी गळवत असेल तर उचलावं लागतं ६,००० घनमीटर आणि युनिट होतात १,२६०. गळती २५ टक्के, पण विजेचं बिल ३३ टक्क्यांनी जास्त. सांधे बदलायचा खर्च दोन-चार हंगामांच्या विजेतून निघू शकतो, तरी तो प्रस्ताव कायम शेवटी.

तापीकाठ

सुलवाडे-जामफळ-कनोली योजनेलाही हेच लागू होईल ना? १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते तिचं भूमिपूजन झालं. ९.२४ टीएमसी पुराचं पाणी सुलवाडे बॅरेजमधून जामफळ धरणात उचलायचं आहे.

उपसा_योजना

लागू होतं, आणि प्रमाण मोठं आहे. ९.२४ टीएमसी म्हणजे सुमारे २६२ दशलक्ष घनमीटर. वरच्याच हिशेबाने दर एक मीटर उंचीमागे वर्षाला ११ लाख युनिट. उंची जितके मीटर, तितक्याने गुणा. हे बिल दरवर्षी येणार आणि तेही बहुतेक पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत. उपसा सिंचनाची वीजदर सवलत ठराविक मुदतीची असते, सरकार ती पुन:पुन्हा वाढवतं. आमदारांनी योजनेच्या खर्चात पहिल्या दहा वर्षांचं वीजबिल कोण भरणार हे लेखी घ्यावं.

पाडळसऱ्याचं निम्न तापी धरणही उपशावरच अवलंबून आहे. त्याची किंमत १४२ कोटींवरून पाचव्या सुप्रमेत ४,८९० कोटींवर गेली. भिंतीची चर्चा पंचवीस वर्षांहून जास्त चालली आहे. पंपगृह, उपकेंद्र आणि वितरण नलिका यांना त्या चर्चेत जागाच मिळाली नाही.

पारोळा_रोड

सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, नवीन वाचणाऱ्यांसाठी. ती का वाढत जाते यावर कुणी लिहील का?

सभागृह_नोंदी

थोडक्यात सांगते. प्रकल्पाची उरलेली किंमत समजा १,००० कोटी आहे आणि दरवर्षी ५० कोटी मिळतात. दरसूची वर्षाला ५-६ टक्क्यांनी वाढली तरी मिळालेला सगळा पैसा दरवाढच खाते. काम पुढे सरकलेलं दिसतं, पण उरलेली किंमत जागची हलत नाही. भूसंपादन लांबलं तर नव्या कायद्याचा मोबदला वाढतो, त्याने आणखी भर. म्हणून दहा प्रकल्पांना थोडं थोडं मागण्यापेक्षा तीन प्रकल्पांना पूर्ण मागणं शहाणपणाचं. पण प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघाचं नाव अर्थसंकल्पाच्या पुस्तकात हवं असतं.

याच्याही मुळाशी जाणारी गोष्ट म्हणजे अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट. १९८४ मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख काढला. त्यात विदर्भ ३९ टक्के, मराठवाडा २३.५ टक्के आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’ ३७ टक्क्यांहून थोडा जास्त. १९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) खाली विकास मंडळं आली तीही याच तीन नावांनी. खानदेश आणि नाशिक गेले उर्वरित महाराष्ट्रात, पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या शेजारी. त्यामुळे सरासरी काढली की नंदुरबारमधल्या अक्राणी-अक्कलकुवा या आदिवासी तालुक्यांची तूट पुण्याच्या आकड्याखाली झाकली जाते. मंडळं होती तेव्हा विदर्भाचा आमदार राज्यपालांच्या निर्देशांचा आधार घेऊन सिंचनाचा वाटा मागू शकत होता. आपल्या आमदाराच्या हातात तसं हत्यार नव्हतं. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि २०२२ मध्ये पुनरुज्जीवनाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. पुन्हा मंडळं होणार असतील तर उत्तर महाराष्ट्राचा हिशेब वेगळा ठेवा, ही मागणी करायची हीच वेळ. स्वतंत्र मंडळ मिळालं नाही तरी ‘उर्वरित’च्या आत नाशिक विभागासाठी किमान वाटा बांधून घेता येईल. केळकर समितीने तालुक्याच्या पातळीवर विचार करायचा मार्ग २०१३ मध्येच दाखवला आहे.

अक्राणी

ताई, तुम्ही अक्राणीचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. वरची सगळी चर्चा तापीच्या काठाची झाली. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदा आहे.

सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं बुडाली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. त्या बदल्यात राज्याला विजेचा २७ टक्के वाटा मिळतो. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये महाराष्ट्राला ०.२५ दशलक्ष एकर फूट, म्हणजे १०.८९ टीएमसी पाणी दिलं. या पाण्यातलं काही बोगद्याने तापी खोऱ्यात आणायचं असा विचार वर्षानुवर्षं मांडला जातो. माझा आक्षेप क्रमाला आहे. बोगद्याचं पाणी डोंगर पोखरून सपाटीवर जाणार. ज्यांची गावं बुडाली ते राहतात वर, पाड्यांवर, एकेका टेकडीला एक पाडा. त्यांना लागतं ते मोठं पाणी नाही. पाड्याच्या खालच्या झऱ्याला छोटी साठवण टाकी, तिथून सौर पंपाने वर, आणि डोंगरउतारावर समतल चर व दगडी बांध.

सौर पंप बसवतात, बंद पडतो तो कंट्रोलरमुळे किंवा उन्हाळ्यात झरा आटल्यावर पंप कोरडा चालल्यामुळे. ड्राय रन सेन्सर असलाच पाहिजे आणि दुरुस्तीचा माणूस धडगावात बसला पाहिजे. नाशिकहून मेकॅनिक यायचा तर पावसाळ्यात रस्ताच नसतो. ज्या रस्त्याने रुग्णाला झोळीतून खाली आणावं लागतं, त्या रस्त्याने पंपाचा सुटा भाग वर जाणार कसा? आमच्याकडे पाणी, रस्ता आणि दवाखाना हे तीन वेगळे विषय होऊच शकत नाहीत. आणि लोक पाण्याअभावी दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, तेव्हा शाळा आणि लसीकरण दोन्ही तुटतं. नंदुरबारच्या आमदारांनी १०.८९ टीएमसीचा प्रश्न मांडावा, जरूर मांडावा. त्याच भाषणात बोगद्याच्या आधी पाड्यांचे झरे हा क्रम मागावा.

गिरणाथडी

गिरणेचं राहूनच जातं आहे.

नार-पार-गिरणा जोडणीला २०२४ मध्ये मान्यता मिळाली: ७,०१५ कोटी, १०.६४ टीएमसी, सुरगाणा-पेठकडच्या पश्चिमवाहिनी खोऱ्यात ९ छोटी धरणं, तिथून उचलून बोगद्याने गिरणेवरच्या चणकापूर धरणाच्या वर सोडायचं. हेही उपशाचंच पाणी, उपसाभाऊंचा हिशेब इथेही बसतो.

गिरणा धरणातून पिण्यासाठी आवर्तन सोडलं की ते नदीपात्रातून जातं. पात्रातली वाळू उपसून जागोजागी खड्डे पडले आहेत. पाण्याचा माथा प्रत्येक खड्डा भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे कानळद्यापर्यंत पोहोचायला दिवस वाढतात आणि धरणातून जास्त सोडावं लागतं. वाळू असती तर पाणी वाळूत राहिलं असतं आणि काठच्या विहिरींना महिनाभर मिळालं असतं. खड्ड्यात उघडं पडलेलं पाणी उन्हाने जातं. नार-पारचं पाणी याच पात्रात येणार असेल तर वाळूची चोरी हा सिंचनाचाच प्रश्न आहे, महसूल खात्यावर सोडून चालणार नाही.

सात बलून बंधाऱ्यांची मागणी जुनी आहे: मेहुणबारे, बहाळ, पांढरद, भडगाव, परधाडे, कुरंगी, कानळदा. रबराची पिशवी हवेने फुगवून पाणी अडवायचं, पुरात सपाट करायची म्हणजे गाळ निघून जातो. तत्त्व चांगलं आहे. आंध्रात झंझावती नदीवर आणि २०२२ पासून गयेला फल्गू नदीवर असा बंधारा आहे. पण पुरात वाहून येणारी खोडं आणि दगड रबर फाडतात, आणि फुगवायच्या यंत्राला रात्रीबेरात्री वीज हवी. सातही ठिकाणी डिझेल जनित्र, प्रशिक्षित चालक आणि रबराच्या देखभालीचा करार नसेल तर पाच-सात वर्षांत पिशव्या सपाटच राहतील. आधी एक बांधा, दोन पावसाळे बघा, मग उरलेले सहा.

केळीबाग

हतनूरच्या गाळाबद्दलही एक ओळ. पूर्णा नदी विदर्भातली काळी माती घेऊन येते आणि ती थेट जलाशयात बसते. ४१ दरवाजे आहेत, आणखी ८ दरवाज्यांचा प्रस्ताव गाळ ढकलण्यासाठीच आहे. दीपनगरचं वीज केंद्र, भुसावळ, रेल्वे सगळे त्यावर अवलंबून. गाळाने साठवण घटली की पहिला फटका शेतीच्या पाण्याला, कारण पिण्याचं आणि वीज केंद्राचं पाणी कुणी कमी करत नाही.

तापीकाठ

बरंच मिळालं. सभागृह_नोंदीताई, हे सगळं मागायचं कोणत्या आयुधाने? भाषणात बोललं की ते विरून जातं.

सभागृह_नोंदी

तारांकित प्रश्नाचं उत्तर छापील येतं, म्हणून आकडे काढायला तोच वापरावा. विधानसभेत नियम १०५ खालची लक्षवेधी मंत्र्याकडून आश्वासन घ्यायला उपयोगी. आश्वासन दिलं की ते आश्वासन समितीकडे नोंदवलं जातं, आणि आमदाराच्या कार्यालयाने त्याचा पाठपुरावा करायचा असतो. नियम २९३ च्या चर्चेत मागणी मोठी पण उत्तर मोघम. पैसा हवा तर पुरवणी मागण्यांच्या आधी विभागाचा प्रस्ताव वित्त विभागात गेला आहे का, हे तपासावं. तो गेलेला नसेल तर सभागृहात ओरडून उपयोग नाही.

प्रश्नाची भाषा अशी असावी: ‘तापीवरील सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा बॅरेजमध्ये गेल्या पाच वर्षांत ऑक्टोबरअखेर किती साठा झाला, त्यापैकी सिंचनासाठी प्रत्यक्ष किती उचलला गेला, २२ उपसा योजनांपैकी आज किती चालू आहेत, प्रत्येकीची बंद असण्याची कारणे, थकीत वीजबिल आणि सभासदांच्या सात-बाऱ्यावरील बोजा किती, दुरुस्तीनंतर देखभाल कोणत्या लेखाशीर्षाखाली होणार.’ यात ‘हे खरे आहे काय’ या साच्याला जागा ठेवू नका, नाहीतर ‘अंशतः खरे आहे’ एवढंच उत्तर येतं.

पाटकरी

देखभालीचं उत्तर सरकारकडे शोधण्याआधी दिंडोरी तालुक्यातलं वाघाड बघा. तेही उत्तर महाराष्ट्रच. कालव्याच्या शेपटाकडच्या लोकांनी सुरुवात केली आणि पुढे २४ पाणी वापर संस्थांनी मिळून सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन हाती घेतलं. पाणी मोजून मिळतं, घनमीटरवर पट्टी बसते, हंगामाआधी कोटा ठरतो. २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा त्याच रीतीचा आहे.

उपसा_योजना

वाघाड प्रवाही सिंचनावर आहे, तिथे विजेचं बिल नाही. तापीकाठी मोजमाप दोन जागी लागेल: जॅकवेलवर एक मीटर आणि प्रत्येक आउटलेटला एक. दोन्हींतला फरक म्हणजे गळती, आणि तिचं बिल सभासदांवर टाकायचं नाही, ते दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वळतं करायचं. दुरुस्तीच्या निविदेत दोन रब्बी हंगाम चालवून दाखवण्याची अट घाला. बोजा त्याआधी उतरवून द्या, नाहीतर जुने सभासद नव्या संस्थेत येणारच नाहीत. सारंगखेड्याच्या एका योजनेवर हे करून बघायचं ठरलं तर काम ऑक्टोबरमध्ये दरवाजे बंद होण्याच्या आधी पूर्ण झालं पाहिजे. जॅकवेलमधला गाळ पाणी चढल्यावर काढता येत नाही, तो एप्रिल-मेमध्येच काढावा लागतो, म्हणजे कार्यादेश मार्चच्या आत निघायला हवा.